टपालाची थैली आणि संसदेतली जागा: सर डोनाल्ड करी याचा कारभार

१९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहून काढलं, ते ‘किल्डोनन कॅसल’ नावाच्या आगबोटीवर. त्याच वर्षी जूनमध्ये ते केपटाऊनहून निघाले ती बोट ‘केनिलवर्थ कॅसल’, १९०६ च्या शिष्टमंडळाच्या वेळची ‘आर्माडेल कॅसल’, आणि १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिका कायमची सोडली ती ‘किनफॉन्स कॅसल’ने. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले ज्या ‘सॅक्सन’ने केपटाऊनला उतरले, तीही या सगळ्यांसारखी युनियन-कॅसल कंपनीची. चरित्रं वाचताना ही नावं डोळ्यांखालून निघून जातात. पण लंडन आणि केपटाऊन यांच्यामधली टपालबोट म्हणजे युनियन-कॅसलची बोट, हे समीकरण आपोआप तयार झालं नव्हतं. त्यामागे चाळीस वर्षं चिकाटीने हिशेब मांडणारा एक माणूस होता, सर डोनाल्ड करी. गांधीजींनी ते पुस्तक लिहिलं त्याच्या सात महिने आधी, १३ एप्रिल १९०९ रोजी, तो वारला.

करीची ओळख करून देताना ‘जहाजमालक, मग खासदार’ असं लिहिलं जातं. जणू आधी पैसा मिळवला आणि मग राजकारणाची हौस भागवली. खरं पाहता त्याचा धंदा पहिल्यापासून सरकारांवरच अवलंबून होता, आणि हे कळायचं तर टपालाचं कंत्राट म्हणजे काय हे आधी समजून घ्यावं लागतं.

कचेरीत घडलेला माणूस

जन्म १७ सप्टेंबर १८२५, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदरात. दहा भावंडं. तो वर्षाचा असतानाच कुटुंब आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेलं आणि शिक्षण तिथंच झालं. चौदाव्या वर्षी ग्रीनॉकमध्ये नातेवाइकाच्या जहाजकचेरीत उमेदवारी. १८४४ मध्ये लिव्हरपूलला कनार्ड कंपनीत नोकरी. तो कधी खलाशी नव्हता. मालाच्या पावत्या, भाड्याचे दर आणि वेळापत्रक यांतून त्याने धंदा शिकला, आणि त्याची पुढची प्रत्येक चाल या शिक्षणाशी जुळणारी आहे.

पहिली मोठी संधी मिळाली ती एका कायद्यामुळे. ब्रिटनचे जुने नौवहन कायदे १८४९ मध्ये रद्द झाले. कोणत्या देशाचा माल कोणत्या देशाच्या जहाजातून आणायचा यावरची बंधनं त्यामुळे बरीचशी सुटली. कनार्डने चोवीस वर्षांच्या करीला फ्रान्समधल्या ल हावर बंदरात पाठवलं. त्याने छोट्या बोटींनी फ्रान्सचा माल लिव्हरपूलला आणून तिथून कनार्डच्या अटलांटिक बोटींवर चढवायची सोय बसवली. पुढे ब्रेमेन आणि अँटवर्पमध्येही अशीच व्यवस्था केली. संसदेतला एक ठराव बंदरातली सगळी गणितं कशी बदलून टाकतो, हे त्याने पंचविशीच्या आत पाहिलं.

१८६२ मध्ये नोकरी सोडून त्याने लिव्हरपूल ते कलकत्ता अशी शिडाच्या जहाजांची ‘कॅसल लाइन’ सुरू केली. भांडवल कुठून आलं? इंग्रजी कायद्यात नोंदलेल्या जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली असते. दोन हिस्से भावाचे, चार मित्राचे, आठ एखाद्या व्यापाऱ्याचे, असं करत एक जहाज उभं राहतं. जहाज बुडालं तर नुकसान सगळ्यांत वाटलं जातं. या पद्धतीत कारभारी मालकाला जहाजाच्या ढोबळ कमाईवर कमिशन घ्यायची वहिवाट होती. जहाजाने निव्वळ नफा किती मिळवला याच्याशी या कमिशनचा संबंध नसे. हिस्सेदारांची जोखीम जास्त आणि कारभाऱ्याची कमी, अशी ही रचना. हाती थोडं भांडवल आणि चांगलं नाव असलेल्या माणसाला वर यायला तिच्याइतकी सोयीची वाट दुसरी नव्हती.

सुएझनंतर कलकत्ता सुटलं

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. लंडनहून कलकत्त्याचा पल्ला आफ्रिकेला वळसा घालून सुमारे ११,५०० सागरी मैल होता, तो ८,००० च्या आसपास आला. पण हा फायदा फक्त आगबोटींना. कालव्यातून शिडाचं जहाज ओढून न्यावं लागे, आणि तांबड्या समुद्रातले वारे लांबच्या लांब पट्ट्यात तोंडावर येत. चहासारखा किमती माल हळूहळू आगबोटींकडे गेला. तागासारखा जड, स्वस्त माल तेवढा शिडांकडे उरला.

अशा वेळी बहुतेक मालकांनी एक तर कालव्यातून जाणाऱ्या आगबोटी बांधल्या, नाहीतर शिडांच्या उरलेल्या व्यापारावर वेळ काढला. करीने तिसरी वाट धरली. जिथे कालव्याचा काही उपयोग नाही, तरी आगबोट लागते, असा मार्ग म्हणजे दक्षिण आफ्रिका. तिथे नुकतीच हिऱ्यांची धावपळ सुरू झाली होती आणि केप वसाहतीला १८७२ मध्ये स्वतःचं जबाबदार सरकार मिळालं होतं. त्याच वर्षी करीच्या आगबोटी केपला जाऊ लागल्या.

तिथे आधीच एक कंपनी ठाण मांडून होती: साउदॅम्प्टनची युनियन लाइन. १८५७ पासून केपचं टपाल तिच्याकडे. पहिलं कंत्राट वर्षाला ३३,००० पौंडांचं, महिन्याला एक फेरी, आणि ४२ दिवसांच्या आत पोचायची अट. अंतर सुमारे ६,००० सागरी मैल, म्हणजे सरासरी ताशी ६ मैलांचा वेग. याहून वेगाने का नाही, याचं उत्तर कोळशात आहे.

कोळशाचं गणित

बोटीचा वेग वाढवला की रोजचा कोळसा वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा, एखादी बोट १० नॉट, म्हणजे ताशी १० सागरी मैल, वेगाने रोज ४० टन कोळसा जाळते. ६,००० मैलांना २५ दिवस लागले, एकूण १,००० टन. आता तीच बोट १२ नॉटने चालवा. १.२ चा घन म्हणजे सुमारे १.७३, तेव्हा रोजचा खप ६९ टन. दिवस लागले जेमतेम २१. एकूण कोळसा जवळजवळ १,४४० टन. चार दिवस वाचवायला ४४० टन जादा.

हा तोटा दुहेरी आहे. कोळशाचे पैसे जातात ते वेगळेच, पण कोळशाच्या कोठ्या मोठ्या केल्या की मालाची जागा तेवढी घटते आणि भाडंही बुडतं. भट्ट्या वाढल्या की फावडी मारणारी माणसं वाढवावी लागतात. वाटेत मदेरा बेटावर किंवा केप व्हर्दे बेटांतल्या सेंट व्हिन्सेंटला कोळसा भरता येई, पण तिथे तो महाग पडे आणि एक दिवस मोडे. १८६० नंतर आलेल्या संयुक्त इंजिनांमध्ये एकाच वाफेचा दोनदा वापर होई. त्यांनी खप बराच कमी केला, तरी हे मूळ गणित कायम राहिलं.

लोकर किंवा सिमेंट चार दिवस लवकर पोचावं म्हणून व्यापारी इतके पैसे मोजणार नाही. पत्र, हुंडी, सरकारी आदेश यांच्यासाठी मात्र चार दिवसांची किंमत असते, आणि ती मोजायला सरकार तयार असतं. टपालाचं कंत्राट म्हणजे वेगाचा जादा खर्च सरकारने उचलणं. एकदा तो उचलला गेला की वेगवान बोटीकडे जास्त भाडं देणारे प्रवासी येतात, हिरे आणि पुढे सोनं येतं, वेळेवर सुटणारी बोट म्हणून चांगला मालही येतो. टपालाच्या थैल्या वजनाने किरकोळ, पण सगळी इमारत त्यांच्यावर उभी. कंत्राट नसलेल्या मालकाने तोच वेग राखायचा म्हटला तर खिशाला भोक.

म्हणून करीला युनियनकडून कंत्राट हिसकावणं भाग होतं, आणि कंत्राट ही गोदीत मिळणारी वस्तू नाही.

१८७३ मध्ये ब्रिटिश सरकारने युनियनशी केलेल्या टपाल करारांवरून संसदेत वादंग उठलं आणि चौकशी समिती बसली. करी तेव्हा खासदार नव्हता, पण मुदतवाढीविरुद्ध त्याने लंडन आणि केपटाऊन, दोन्हीकडे जोर लावला. दरम्यान त्याच्या बोटी कंत्राटाविनाच युनियनपेक्षा लवकर पोचून दाखवत होत्या. तोटा सोसून केलेली ही जाहिरात होती. १८७६ मध्ये पंतप्रधान जॉन मोल्टेनो यांच्या केप सरकारने कंत्राट दोन्ही कंपन्यांत वाटून दिलं, पाळीपाळीने फेऱ्या. वेगासाठी बक्षिसाचं कलम घातलं, आणि एक अट घातली: या दोन कंपन्यांनी कधी एकत्र यायचं नाही.

अट शहाणपणाची होती. पुढची पंचवीस वर्षं दोघांनी एकमेकांवर मात करण्यासाठी बोटी बांधल्या. १८९३ मध्ये युनियनच्या ‘स्कॉट’ने साउदॅम्प्टन ते केपटाऊन हे अंतर १४ दिवस १८ तास ५७ मिनिटांत कापलं. तो विक्रम १९३६ पर्यंत टिकला.

मध्यस्थ

याच काळात करी दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणात मध्यस्थ म्हणून वावरू लागला. हिऱ्यांचा मुलूख, म्हणजे ग्रिक्वालँड वेस्ट, ब्रिटनने १८७१ मध्ये ताब्यात घेतला होता आणि शेजारचं ऑरेंज फ्री स्टेट त्यावर हक्क सांगत होतं. फ्री स्टेटचे अध्यक्ष ब्रँड १८७६ मध्ये लंडनला आले, तेव्हा त्यांच्यात आणि वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांच्यात करीने बोलणी जुळवली. ९०,००० पौंडांवर हक्क सोडून द्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी करीला सरकारी किताब मिळाला. ज्या जमिनीतून नंतर कोट्यवधींचे हिरे निघाले तिची ही किंमत, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ग्रिक्वा, त्लापिंग लोकांना या सौद्यात कुणी विचारलंसुद्धा नाही. करीच्या गौरवात हा प्रसंग मुत्सद्देगिरी म्हणून सांगितला जातो. त्याची ही दुसरी बाजू सोडून तो सांगणं मला बरोबर वाटत नाही.

दुसरा प्रसंग १८७९ चा. २२ जानेवारीला इसांडलवाना इथे झुलू सैन्याने ब्रिटिश तुकडीचा धुव्वा उडवला. १,३०० हून अधिक माणसं पडली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेला समुद्री तारेची केबल नव्हती. ती डरबनला पोचली त्याच वर्षाच्या अखेरीस. बातमी बोटीने निघाली आणि वाटेतल्या तारकेंद्रावरून ११ फेब्रुवारीला लंडनला पोचली. तब्बल वीस दिवस. आता उत्तर कसं पाठवायचं? करीने केपकडे निघालेल्या आपल्या टपालबोटीचा मार्ग बदलून तिला सेंट व्हिन्सेंटला वळवलं. सरकारने हुकूम तारेने तिथे पाठवले, बोटीने ते पुढे नेले. पुढची बोट सुटेपर्यंत थांबावं लागलं असतं तो वेळ वाचला. सैन्य नेण्यासाठीही कॅसलच्या बोटी कामी आल्या.

भरसमुद्रात कुठली बोट कोणत्या दिवशी कुठे असेल आणि कुठल्या बेटावर तार आहे, हे करीला तोंडपाठ होतं. मंत्रालयांना त्याची गरज वाटू लागली ती याच माहितीमुळे.

खासदार करी

१८८० च्या निवडणुकीत लिबरल पक्षातर्फे तो पर्थशायरमधून निवडून आला. १८८५ पासून १९०० पर्यंत वेस्ट पर्थशायरचा खासदार होता. इथे वाचकाला एक शंका यायला हवी: सरकारी कंत्राटदार संसदेत कसा बसू शकतो? १७८२ पासून ब्रिटनमध्ये त्याला बंदी करणारा कायदा होता. पण त्यात दहाहून अधिक सभासदांच्या नोंदणीकृत व्यापारी कंपनीला सूट होती. शिवाय १८७६ चं कंत्राट केप वसाहतीच्या सरकारने दिलेलं. १८८१ मध्ये करीने आपल्या बोटी ‘कॅसल मेल पॅकेट्स कंपनी’ या मर्यादित कंपनीत घातल्या, आणि डोनाल्ड करी आणि कंपनी ही त्याची पेढी तिची व्यवस्थापक राहिली. कंपनी भागधारकांची, कारभार पेढीचा. ६४ हिश्श्यांच्या काळचीच ही रचना, फक्त नवे कपडे घातलेली.

संसदेत त्याची भाषणं फार गाजली असं नाही. त्याचं राजकारण बोटीच्या डेकवर चाले. १८८० च्या उन्हाळ्यात पंतप्रधान ग्लॅडस्टन आजारातून उठले, तेव्हा करीने त्यांना ‘ग्रँटली कॅसल’वरून ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती फिरवून आणलं. १८८३ च्या सप्टेंबरात नव्या ‘पेम्ब्रोक कॅसल’वर ग्लॅडस्टन आणि राजकवी टेनिसन दोघेही होते. बोट कोपनहेगनला गेली आणि डेन्मार्कचा राजा, ग्रीसचा राजा, रशियाचा झार असे सगळे तिच्यावर मेजवानीला आले. आपल्या परवानगीशिवाय पंतप्रधान परदेशी गेले म्हणून व्हिक्टोरिया राणी नाराज झाली. टेनिसन यांच्या उमरावपदाचं बोलणं याच सफरीत झालं. इतकी जवळीक असूनही १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या विधेयकावर करीने ग्लॅडस्टन यांची साथ सोडली आणि तो आयर्लंड ब्रिटनशी जोडलेलंच राहावं म्हणणाऱ्या लिबरल युनियनिस्ट गटात गेला. बेलफास्टमध्ये वाढलेल्या माणसाकडून यात आश्चर्य नाही.

क्रिकेट आणि रग्बीचे ‘करी कप’ त्याचेच. १८९१ मध्ये ब्रिटिश रग्बी संघ ‘डनॉटर कॅसल’ने दक्षिण आफ्रिकेला निघाला तेव्हा त्याने सोबत चषक दिला: आमच्या संघाशी जो उत्तम खेळेल त्याला द्या. तो ग्रिक्वालँड वेस्टला मिळाला आणि त्यांनी तो प्रांतांमधल्या स्पर्धेसाठी देऊन टाकला.

अट मोडायची नाही, वळसा घालायचा

केप सरकारची अट होती की दोन कंपन्या एक होऊ नयेत. पण दोघांनी मिळून भाव ठरवू नयेत असं कुठे लिहिलं होतं? १८८० च्या दशकात युनियन, कॅसल आणि इतर जहाज कंपन्यांनी ‘कॉन्फरन्स’ म्हणजे दरसंघ केला. भाड्याचे दर एकच. व्यापाऱ्याला बांधून ठेवायची युक्ती कलकत्त्याच्या व्यापारात १८७० च्या दशकात रुळलेली होती: लांबणीवर टाकलेली सूट.

ती अशी चाले. एका व्यापाऱ्याने जानेवारी ते जून या काळात १,००० पौंड भाडं भरलं. त्यावर १० टक्के, म्हणजे १०० पौंड सूट, पण ती लगेच द्यायची नाही. जुलै ते डिसेंबर त्याने सगळा माल दरसंघाच्याच बोटींनी पाठवला तर वर्षअखेर ती मिळणार. तोवर दुसऱ्या सहामाहीचे १०० पौंड साठलेले. नोव्हेंबरात कुणी बाहेरचा बोटवाला निम्म्या भाड्यात एक खेप न्यायला तयार झाला, तरी व्यापारी मान हलवतो, कारण त्या एका खेपेपायी जवळपास २०० पौंड बुडतात. व्यापाऱ्याचेच पैसे ओलीस ठेवून त्यालाच बांधायचं. केपमधला शेतकरी, जोहान्सबर्गचा दुकानदार, सगळ्यांना महागाईच्या रूपाने हे भरावं लागलं. करीच्या कर्तृत्वाबद्दल आदर बाळगूनही या पद्धतीचं समर्थन करता येत नाही.

या धंद्याची दुसरी किंमत माणसांनी मोजली. १६ जून १८९६ च्या रात्री केपहून परतणारी ‘ड्रमंड कॅसल’ फ्रान्सच्या किनाऱ्यालगत उशांत बेटाजवळ खडकावर आपटून काही मिनिटांत बुडाली. अडीचशेच्या आसपास माणसांपैकी वाचली फक्त ३. बोट उशांतच्या पश्चिमेकडून खुल्या समुद्रातून जायला हवी होती. धुकट हवेत प्रवाहाने ती पूर्वेला, बेटांच्या मधल्या खडकाळ पाण्यात ओढली गेली. तारे आणि दीपगृह दिसत नसले की कप्तानाकडे वेग आणि दिशा यांवरून काढलेला अंदाज तेवढा उरतो, आणि प्रवाहाचा जोर त्या अंदाजात धरलेला नसतो. पडताळा पाहायचा उपाय एकच: वेग कमी करून शिसाचं वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजायची.

विलीनीकरण आणि त्यानंतर

१८९९ मध्ये नव्या कंत्राटासाठी निविदा निघाल्या, तेव्हा ‘एकत्र यायचं नाही’ ही अट उरली नाही. ८ मार्च १९०० रोजी युनियन-कॅसल मेल स्टीमशिप कंपनी जन्माला आली, कारभार करीच्या पेढीकडे. तेव्हा ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेतली बोअर प्रजासत्ताकं यांच्यातलं बोअर युद्ध चालू होतं आणि सैन्य, घोडे, दारूगोळा वाहून नेण्यात दोन्ही कंपन्यांच्या बोटी गुंतल्या होत्या. सेनापती बुलर गेला ‘डनॉटर कॅसल’ने; पुढे रॉबर्ट्स आणि किचनर गेले तेही त्याच बोटीने.

वारसाही राजकीयच राहिला. करीला मुलगा नव्हता, तीन मुली. एका मुलीचं लग्न १८८९ मध्ये पर्सी मोल्टेनो याच्याशी झालं. ज्यांच्या सरकारने १८७६ चं कंत्राट वाटलं त्या जॉन मोल्टेनो यांचा हा मुलगा. तो पेढीत आला, केपची फळं गारठवलेल्या कोठ्यांतून इंग्लंडला पाठवायचा व्यापार त्याने उभा केला, आणि १९०६ मध्ये तोही खासदार झाला.

दरसंघाला वेसण बसली ती करी गेल्यावर, आणि तीही टपालाच्या कंत्राटातूनच. १९१० मध्ये चार वसाहती मिळून दक्षिण आफ्रिका हे एक संघराज्य झालं. बंदरांच्या आणि खाणींच्या सगळ्या प्रदेशांच्या वतीने बोलणारं एकच सरकार आता समोर होतं. १९११ मध्ये त्याने कायदा केला: लांबणीवरची सूट देणाऱ्या दरसंघातल्या कोणत्याही कंपनीला टपालाचं कंत्राट द्यायचं नाही. कंत्राट आणि सूट यांतलं एक निवडणं कंपनीला भाग पडलं. तिने कंत्राट राखलं, सूट सोडली. १९१२ मध्ये युनियन-कॅसल रॉयल मेल समूहाने विकत घेतली आणि करी कुटुंबाचा संबंध संपला. टपालबोटी मात्र दर आठवड्याला सुटत राहिल्या, त्या विमानांनी टपाल आणि प्रवासी दोन्ही नेल्यावर १९७७ मध्ये बंद झाल्या.